दुखणं कानाचं, मुक्काम नाकात

घरात लहान मूल असेल, तर ही रात्र बहुतेकांनी पाहिलेली असते. तीन-चार दिवसांची साधी सर्दी असते. नाक वाहतंय, थोडी कणकण आहे, पण मूल खेळतंय, म्हणून कुणी फारशी काळजी करत नाही. आणि मध्यरात्री ते मूल किंचाळून उठतं. बोलणारं असेल, तर 'कान दुखतोय' म्हणून सांगतं. बोलत नसेल, तर कान ओढतं, दूध तोंडाशी नेलं की मान फिरवतं, आडवं केलं की जास्तच रडतं. सगळं घर जागं होतं. आजी म्हणते, 'लसूण घालून तेल कोमट करा नि दोन थेंब सोडा.' दुसरं कुणी म्हणतं, 'काल न्हाऊ घालताना कानात पाणी गेलं असणार.' तिसऱ्याला फडताळातली मागच्या दुखण्यातली उरलेली बाटली आठवते.

ही सगळी माणसं मुलाच्या मायेपोटीच बोलत असतात. पण तेल आणि पाणी या दोन्ही गोष्टींमागे एकच समजूत आहे. कानातलं दुखणं बाहेरून, कानाच्या छिद्रातून आत शिरलं, ही ती समजूत. लहान मुलांच्या कानदुखीत बहुतेक वेळा घडतं ते नेमकं उलट. जंतू येतात आतून, नाकाच्या मागच्या बाजूने. आणि ते त्या रात्री आलेले नसतात. कित्येक आठवडे, कधी कधी कित्येक महिने, ते तिथे मुक्कामालाच असतात. ही गोष्ट नीट समजली, तर तेल का घालू नये, औषध केव्हा घ्यावं, केव्हा थांबावं आणि कशाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

त्यासाठी आधी कानाची रचना थोडी पाहू. कानाच्या छिद्रातून आत गेलं, की मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटरवर कानाचा पडदा लागतो. हा पडदा धड असेल, तर आंघोळीचं पाणी त्याच्या पलीकडे जात नाही. पडद्यामागे हवेने भरलेली एक इवलीशी खोली आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. या खोलीत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकारांची तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. त्यांतली रिकीब हे तर आपल्या शरीरातलं सर्वांत लहान हाड. पडदा थरथरला, की ही हाडं हलतात आणि आवाज आतल्या कानाकडे पोहोचतो. हे काम नीट व्हायचं, तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा.

आता या बंद खोलीत हवा येते कुठून? तर नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात, एक बारीक नळी उघडते. ती थेट मध्यकर्णात जाते. सोळाव्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याच्या घाटात कान बंद होतात, आवंढा गिळला की 'पुट्' होऊन मोकळे होतात, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. ती किमया याच नळीची. एरवी ती मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा करते. खोलीतला ओलावा घशात वाहून नेणं हेही तिचंच काम.

मोठ्या माणसात ही नळी लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या मुलात तिची लांबी जेमतेम निम्मी असते आणि ती जवळजवळ आडवी असते. पन्हळीला उतार नसला, की पाणी साचतं. तसंच इथे होतं. शिवाय लहान मुलांना सर्द्याही वारंवार होतात. त्यामुळे सहा महिने ते दीड वर्ष हा काळ कानदुखीचा मोठा हंगाम असतो. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या मुलांची जन्मापासून पाहणी करून १९८९ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या वाढदिवसापर्यंत पाचांतल्या चार मुलांना निदान एकदा तरी मध्यकर्णाचा दाह होऊन गेलेला आढळला. मूल वाढतं तशी नळी लांब होते, तिला उतार येतो आणि हे दुखणं आपोआप कमी होत जातं.

आता नाकाच्या मागे मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्यांची ओळख करून घेऊ. मध्यकर्णाच्या दाहात मुख्यतः तीन जिवाणू सापडतात.

पहिला न्यूमोकॉकस. त्याचं पूर्ण नाव स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी एकमेकांना ठाऊक नसताना तो शोधून काढला, आणि तोही माणसाच्या थुंकीत. या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या जातीच्या पदार्थांचं एक गुळगुळीत कवच असतं. त्यामुळे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहजी पकडता येत नाही. या कवचाचे शंभरावर प्रकार आतापर्यंत माहीत झाले आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीराने तयार केलेली शस्त्रं दुसऱ्या प्रकारावर चालतीलच असं नाही. तिघांत हा सर्वांत आडदांड. त्याच्यामुळे होणारी कानदुखी जोराची असते, ताप जास्त चढतो आणि औषधाशिवाय तो कानातून सहसा लवकर निघत नाही. फार तर पाचांतल्या एका मुलात तो चार-सहा दिवसांत आपणहून नाहीसा होतो.

दुसरा हिमोफिलस इन्फ्लुएंझे. याच्या नावातच एक जुना गैरसमज दडलेला आहे. १८९२ साली, जगभर फ्लूची साथ असताना, जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना रुग्णांच्या घशात हा जिवाणू सापडला आणि हाच फ्लूचं कारण, असं त्यांनी जाहीर केलं. फ्लू विषाणूमुळे होतो, हे १९३३ साली सिद्ध झालं. तोपर्यंत नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे १९९५ साली याच जिवाणूने वेगळाच मान मिळवला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, असा तो पहिला सजीव. सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरांचा तो आराखडा होता.

इथे पालकांचा एक हमखास प्रश्न असतो. 'बाळाला पाच रोगांची एकत्रित लस दिली आहे. तीत हिमोफिलसची लस असतेच ना? मग कान का दुखावा?' प्रश्न रास्त आहे. त्या लसीत असते ती हिमोफिलसच्या 'बी' प्रकाराविरुद्धची लस. हा बी प्रकार कवचधारी आहे. त्याने मेंदूज्वर आणि न्यूमोनिया होतो. कानात सापडणारा हिमोफिलस बहुधा त्याचाच बिनकवचाचा भाऊ असतो. ती लस अतिशय मोलाची आहे, पण कानातल्या या भावाला ती ओळखत नाही. हा भाऊ ओळखण्याची एक खूण मात्र आहे. कानही दुखतोय आणि त्याच वेळी डोळे लाल होऊन चिपडं येतायत, असं असेल, तर डॉक्टरांचा पहिला संशय हिमोफिलसवर जातो.

तिसरा मोराक्झेला कॅटरॅलिस. हा त्यातल्या त्यात मवाळ. १९७०च्या दशकापर्यंत तर त्याला निरुपद्रवीच समजत होते. त्याच्यामुळे होणारा दाह बहुतेक मुलांत आपणहून बरा होतो. पण त्याची एक खोड आहे. त्याचे जवळजवळ सगळे वंश पेनिसिलिनच्या जातीची औषधं मोडून टाकणारं एक विकर तयार करतात. ते आजूबाजूला पसरतं आणि शेजारच्या न्यूमोकॉकसलाही त्याचा आडोसा मिळू शकतो. म्हणजे स्वतः फारसा त्रास न देणारा हा शेजारी दांडगटांना पाठीशी घालतो.

हे तिघे लहान मुलांच्या नाकाच्या मागे अगदी सर्रास आढळतात, ठणठणीत मुलांतही. पाळणाघरात, अंगणवाडीत, भावंडांच्या खेळात ते या मुलाकडून त्या मुलाकडे जात राहतात. तेवढ्याने कुणी आजारी पडत नाही. मग त्या रात्री असं काय घडतं?

घडतं ते सर्दीमुळे. सर्दीचे विषाणू नाकाचं आणि त्या नळीचं अस्तर जखमी करतात. या अस्तरावर सूक्ष्म केसांचा एक गालिचा असतो. तो एरवी सगळा कचरा घशाकडे ढकलत असतो, तो झडतो. नळी सुजून बंद होते. खोलीतली हवा हळूहळू शोषली जाते, आत पोकळी निर्माण होते, पडदा आत ओढला जातो आणि खोलीत पाणी जमू लागतं. नाकामागचे जंतू तिथे पोहोचले, की त्यांना ऊबदार, ओली, बंद जागा आयती मिळते. पू तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो पडद्याला आतून रेटतो. तो ताण म्हणजेच मध्यरात्रीचा ठणका.

कधी कधी हा ताण सहन न होऊन पडद्याला बारीक भोक पडतं. पू वाहू लागतो, ठणका एकदम थांबतो आणि मूल झोपी जातं. आपल्याकडे याला 'कान फुटला' म्हणतात. बहुतेक वेळा असं भोक काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपणहून भरून येतं. पण भरून आलं की नाही, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यायलाच हवं. ते का, ते पुढे सांगतो.

आता तेलाचं पाहू. पडदा धड असेल, तर बाहेरून घातलेलं तेल आतल्या जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. पडद्याला भोक असेल, तर ते नको तिथे, थेट मध्यकर्णात जातं. शिवाय तेलाने भरलेल्या कानात डॉक्टरांना पडदा नीट दिसत नाही, आणि या दुखण्याचं निदान तर पडदा पाहूनच होतं. तेव्हा तेल नको, लसूण नको, काडी-कापूसही नको. त्या रात्री मुलाला खरी गरज असते ती वेदना थांबवण्याची. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावं. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

मग अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक औषध, लगेच द्यायचं की नाही? इथे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वैद्यकाचं मत बरंच बदललं आहे. अनेक देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा आढळलं, की प्रतिजैविक दिलं काय नि न दिलं काय, पहिल्या २४ तासांत दहांतल्या सहा मुलांचं दुखणं थांबतंच. दोन-तीन दिवसांनंतरचा हिशेब केला, तर साधारण वीस मुलांना औषध दिल्यावर एका जास्तीच्या मुलाची वेदना थांबते. आणि चौदा मुलांना औषध दिल्यावर एकाला जुलाब, उलट्या किंवा अंगावर पुरळ असा त्रास होतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली आणि पुन्हा २०१३ साली, ठरावीक मुलांच्या बाबतीत दोन-तीन दिवस लक्ष ठेवून थांबायला हरकत नाही, असा सल्ला दिला.

'ठरावीक मुलं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतलं आणि दोन्ही कान धरलेलं मूल, ३९ अंश सेल्सिअस म्हणजे साधारण १०२ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, तीव्र किंवा दोन दिवस न थांबणारा ठणका, कानातून पू, यांपैकी काहीही असेल, तर थांबायचं नसतं. आणि 'थांबणं' म्हणजे डॉक्टरांकडे न जाणं नव्हे. डॉक्टरांनी पडदा पाहून, पालकांशी बोलून, 'दोन दिवसांत उतार नाही पडला तर औषध सुरू करू', असं ठरवणं म्हणजे थांबणं.

कुणी विचारेल, द्यायचंच औषध, तर आधीच दिलं म्हणून बिघडलं कुठे? याचं उत्तर न्यूमोकॉकसच्याच इतिहासात आहे. १९२८ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. कवच असलेले घातक न्यूमोकॉकस त्यांनी उष्णतेने मारले. ते मेलेले जंतू आणि कवच नसलेले जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या शरीरात जिवंत कवचधारी जंतू सापडले. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. हा गुण वाहून नेणारा पदार्थ म्हणजे डीएनए, हे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये ओस्वाल्ड अ‍ॅव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. आनुवंशिकतेचं आधुनिक शास्त्र ज्या पायावर उभं आहे, त्यातला हा एक मोठा दगड, आणि तो सापडला कान दुखवणाऱ्या या जंतूत.

शास्त्रज्ञांना आनंद देणारी ही करामत पालकांच्या दृष्टीने मात्र वाईट बातमी आहे. न्यूमोकॉकस आजही तेच करतो. शेजारच्या जंतूंची जनुकं उचलतो, आणि औषधाला न जुमानण्याचा गुणही त्याला असाच मिळतो. आपण मुलाला प्रतिजैविक देतो ते कानासाठी, पण ते नाकामागच्या सगळ्याच वस्तीवर पडतं. औषधाने मरणारे मरतात. न मरणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. मग तेच भावंडाकडे जातात, पाळणाघरातल्या दुसऱ्या बाळाकडे जातात. मागच्या बाटलीतलं उरलेलं औषध दोन दिवस देऊन बंद करणं तर आणखी वाईट. ते जंतूंना मारायला अपुरं आणि शिकवायला पुरेसं असतं. उद्या त्याच जंतूने एखाद्या बाळाला न्यूमोनिया झाला, तर तेव्हा हेच औषध हुकमी लागू पडायला हवं. म्हणून ते जपून वापरायचं, आणि सुरू केलं तर डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस, सगळ्या मात्रा पूर्ण करायच्या.

काही मुलांचा कान मात्र पुन्हा पुन्हा धरतो. औषधाने बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच. असं का होतं, यावर २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका संशोधनाने चांगला प्रकाश टाकला. कानात नळी बसवण्यासाठी आलेल्या २६ मुलांच्या मध्यकर्णातल्या अस्तराचे ५० नमुने खास सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांतल्या ४६ नमुन्यांत जंतूंनी अस्तरावर चिकट थर बांधलेला आढळला. विहिरीच्या पायरीवर बुळबुळीत थर धरतो ना, तसाच हा प्रकार. या थरात दडलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही आणि तिथे ते सुस्तावलेले असल्याने औषधाला दादही देत नाहीत. पुढची सर्दी आली, की त्यांतलेच काही पुन्हा बाहेर पडतात.

आतापर्यंत आपण ठणक्याबद्दल बोललो. पण खरी काळजी करावी असा भाग ठणका थांबल्यावर सुरू होतो. जंतू मेले, ताप गेला, मूल खेळू लागलं, तरी पडद्यामागचं पाणी लगेच आटत नाही. महिन्याभरानंतरही दहांतल्या चार मुलांत ते तसंच असतं; तीन महिन्यांनी दहांतल्या एका-दोघांत. कधी कधी ते डिंकासारखं घट्ट होतं. दुखत काहीच नाही, पण ती तीन हाडं पाण्यात अडकल्यासारखी होतात आणि ऐकू कमी येतं. कानांत बोटं घालून ऐकावं, साधारण तसं.

मोठ्या माणसाला असं झालं, तर तो तक्रार करतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला यात काही वेगळं आहे, हेच कळत नाही. आणि नेमका तोच काळ भाषा शिकण्याचा असतो. 'पान' आणि 'पाट', 'दूध' आणि 'दूर' यांच्या शेवटचा बारीक फरक कानावर नीट पडलाच नाही, तर तो जिभेवर कुठून येणार? शाळेतल्या मुलाच्या बाबतीत बाईंची तक्रार येते, की लक्ष देत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढलेला असतो, 'काय? काय?' चाललेलं असतं. त्याला हट्टी किंवा मठ्ठ ठरवण्याआधी कान तपासून घ्या. पाणी तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलं, तर ऐकण्याची चाचणी करतात. गरज पडली, तर पडद्यात दोऱ्याच्या रिळासारखी दिसणारी, पण त्याहून कितीतरी लहान, अशी एक नळी बसवतात. तिला ग्रोमेट म्हणतात. खोलीत पुन्हा हवा खेळू लागते, आणि काही महिन्यांनी ती नळी बहुधा आपणहून गळून पडते.

याहून दुर्लक्षित दुखणं म्हणजे वाहणारा कान. पडद्याचं भोक भरून आलं नाही, की बाहेरच्या बाजूने आत जायला वाट मोकळी होते. आता इथे जंतूही बदलतात. नाकामागच्या त्या तिघांची जागा बहुधा स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस घेतात. स्युडोमोनासला पाणी, ओल फार आवडते. अशा मुलाच्या कानात नदी-विहिरीतलं किंवा आंघोळीचं पाणी गेलं, की कान वाहू लागतो. थांबतो, पुन्हा वाहतो. दुखत नसल्यामुळे घरात त्याची सवय होते. 'त्याचा कान वाहतोच, मोठेपणी थांबेल', असं म्हणून वर्षं जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली या वाहत्या कानांवर एक अहवाल काढला. जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांना लक्षणीय बहिरेपण आलेलं असतं, असा त्यातला अंदाज आहे. चार टक्क्यांहून अधिक लोकांना हा विकार असलेल्या, म्हणजे सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या गटात त्या अहवालाने भारताचं नाव घातलं होतं. म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीत एका-दोघांचा तरी कान वाहत असणार. हे टाळता येणारं बहिरेपण आहे, हे सर्वांत महत्त्वाचं.

उपचार तसा साधा असतो, पण चिकाटीचा. कान डॉक्टरांकडून नीट साफ करून घ्यायचा, कोरडा ठेवायचा, आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा बाहेर लावायचा, पोहणं बंद ठेवायचं आणि सांगितलेले थेंब घालायचे. थेंब मात्र मनाने आणू नयेत. काही थेंब भोकातून आत गेले, तर आतल्या कानाला इजा करू शकतात. भोक भरलंच नाही, तर शस्त्रक्रियेने नवा पडदा बसवता येतो. पू घाण वासाचा असेल, तर मात्र अजिबात वेळ घालवू नये. आत हाड कुरतडणारी गाठ वाढत असण्याची ती खूण असू शकते. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, चक्कर, मान ताठ होणं, सतत गुंगीत राहणं, ही लक्षणं दिसली, तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठायचं. कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा फार पातळ पडदा आहे.

हे सगळं टाळण्यासाठी आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट लस. न्यूमोकॉकसविरुद्धची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ साली काही राज्यांपासून आली आणि २०२१ साली देशभर लागू झाली. बाळ सहा आठवड्यांचं, चौदा आठवड्यांचं आणि नऊ महिन्यांचं असताना, अशा तीन मात्रा मोफत मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जंतूच्या दहा प्रकारांविरुद्ध अशी एक लस तयार केली. तिला डिसेंबर २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

या लसीने कानदुखी अजिबात होणार नाही का? तसं नाही. फिनलंडमध्ये सात प्रकारांविरुद्धच्या लसीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली आले. लसीतल्या प्रकारांमुळे होणारी कानदुखी ५७ टक्क्यांनी कमी झाली, पण एकूण कानदुखी मात्र फक्त सहा टक्क्यांनी. कारण लसीत नसलेले प्रकार आणि बाकीचे जंतू शिल्लकच होते. काहींनी तर मोकळी जागा बळकावली. तरीही ही लस जरूर द्यायची. तिचं मुख्य काम न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासून बाळाचा जीव वाचवण्याचं आहे. कानाचा फायदा ही वरकमाई समजावी.

बाकीचे उपाय घरातलेच आहेत. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. बाटलीने पाजायची वेळ आलीच, तर डोकं उंच धरून पाजावं. आडवं निजवून, तोंडात बाटली देऊन ठेवू नये. घरात विडी-सिगारेट नको. चुलीच्या धुरापासून बाळाला दूर ठेवावं. धुराने नाकातलं अस्तर आधीच दुबळं झालेलं असतं. नाक पुसल्यावर हात धुवावेत, आपलेही आणि मुलाचेही.

आणि कान वाहत असेल किंवा ऐकू कमी येतं असं वाटत असेल, तर तपासणी अवघड नाही. २०१३पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची जी तपासणी होते, तीत मध्यकर्णाचा दाह आणि कमी ऐकू येणं या दोन्हींचा समावेश आहे. तपासणीचं पथक येईल, त्या दिवशी मुलाला शाळेत जरूर पाठवा आणि कानाची तक्रार स्वतः जाऊन सांगा. डॉक्टरांकडे गेलात, तर तीन गोष्टी विचारा. पडदा कसा दिसतोय? औषध आजच लागेल, की दोन दिवस पाहता येईल? आणि पडद्यामागचं पाणी आटलं की नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा कधी आणू? हा तिसरा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत, कारण तोवर मूल हसू-खेळू लागलेलं असतं. तो आवर्जून विचारा आणि मिळालेली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.